कर्नलमध्ये कंपायलरचे हात का बांधतात?

मंडळी, साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. दोन याद्या आहेत, प्रत्येकी हजार आकड्यांच्या. जोडीजोडीने बेरीज करायची आहे. एकेक जोडी घेतली तर हजार बेरजा. पण आजच्या प्रोसेसरमध्ये रुंद रजिस्टर असतात. २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये ३२ बिटांचे ८ आकडे मावतात आणि एकाच सूचनेत आठही बेरजा होतात. लूप पाहून कंपायलर स्वतःच असा कोड तयार करतो, त्याला ऑटो-व्हेक्टरायझेशन म्हणायचं. २०२२ मध्ये आलेल्या जीसीसी १२ पासून ते ‘ओ-२’ पातळीलाच सुरू असतं.

मग गंमत बघा. इंटेल-एएमडीसाठी लिनक्स कर्नल कंपाइल करताना मुद्दाम सांगितलं जातं, की एसएसई, एव्हीएक्स वापरायचं नाही! का बरं?

आपल्या पिंपळगावचं द्राक्षांचं पॅकहाऊस डोळ्यांसमोर आणा. टेबलावर कुणाचे तरी अर्धवट भरलेले क्रेट आहेत. तेवढ्यात दुसरा आला आणि न विचारता टेबल रिकामं करून स्वतःचं काम मांडलं, तर? कर्नल हा असा मध्येच येणारा माणूस आहे. आत येताना तो साधी रजिस्टर जपून ठेवतो. रुंद रजिस्टरमध्ये मात्र तुमच्या प्रोग्रॅमचेच आकडे राहतात. एव्हीएक्स-५१२ मध्ये ६४ बाइटची ३२ रजिस्टर, म्हणजे २ केबी. दर वेळी ती जपायची म्हटलं तर वेळ जातो. आणि न जपता कंपायलरने गुपचूप वापरली, तर मशीन बंद पडेलच असं नाही. उत्तर चुकेल आणि कळणारही नाही. खरा धोका हाच.

तरीही वेग लागतोच. रेडमध्ये डिस्क गेली तर डेटा परत मिळावा म्हणून पॅरिटी काढतात, तिथे एक्सॉरचा डोंगर असतो. तिथे आधी रजिस्टर जपतात, मग काम, मग परत देतात. मधल्या काळात झोपायची परवानगी नाही. ३२ बिट एआरएमवर तर एक्सॉरची साधी सी फाइलच व्हेक्टरायझेशन सुरू करून कंपाइल होते. पण दोन पॉइंटर एकाच जागेवर येत असतील, अशी शंका कंपायलरला असते. म्हणून २०२२ मध्ये या फंक्शनांना ‘रिस्ट्रिक्ट’ जोडलं गेलं. म्हणजे जागा वेगळ्या आहेत, हे प्रोग्रॅमरचं वचन.

घरी जीसीसीला ‘एफ-ऑप्ट-इन्फो-व्हेक’ हा पर्याय देऊन बघा. कुठला लूप रुंद झाला, ते तो स्वतःच सांगतो.