स्मशानातील फळे कोणाची?

गावच्या सामाईक जमिनींपैकी गायरानावर अतिक्रमण होते, तळ्याच्या काठावर होते, पाणंदीवर तर होतेच होते. स्मशानभूमीकडे लोभाचा डोळा त्यामानाने उशिरा वळतो. मृत्यूचे भय हेच तिचे कुंपण. परंतु त्याच भयामुळे ती वर्षानुवर्षे वेड्या बाभळीच्या आणि घाणेरीच्या स्वाधीन राहते.

अशा जागी फळझाडे लावावीत व त्यांचे उत्पन्न गावाने घ्यावे, ही सूचना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. तथापि हिशेब करून पाहावा. वीस गुंठ्यांच्या चौरस जागेची एक बाजू सुमारे ४५ मीटर, म्हणजे परिघ १८० मीटर. दर दहा मीटरवर एक याप्रमाणे कडेने अठरा झाडे बसतात आणि मधली जागा अंत्यविधीसाठी मोकळीच राहते. चिंच, कवठ, जांभूळ, आवळा ही झाडे पहिली काही वर्षे जगवली की पुढे बहुतांशी पावसावर उभी राहतात. बियांपासून वाढवलेली चिंच फळावर येण्यास सात-आठ वर्षे लागतात. कलमी झाड त्याआधी फळते.

खरी अडचण रोपांची नव्हे, मालकीची आहे. जे सर्वांचे असते त्याची सर्वच जण लूट करतात, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात त्याला उत्तर दिले : वाटपाचे नियम लोकांनी स्वतः ठरवले आणि पाळले, तर सामाईक संपत्ती टिकते. (२००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आपल्या वृक्षारोपण समारंभांवर मात्र त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही. तेथे अजून खड्डेच मोजले जातात.) महाराष्ट्रात २०१८ साली सुरू झालेल्या फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत विभागून, झाडे जगण्याच्या प्रमाणाशी बांधले गेले. तोच न्याय येथे लावावा. जे कुटुंब तीन उन्हाळे पाणी घालील, त्याला त्या झाडाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा ग्रामसभेने लेखी द्यावा. उरलेल्या फळांचा जाहीर लिलाव करून त्यातून निराधारांच्या सरणाचा खर्च भागवावा. एका दहनास तीन-चारशे किलो लाकूड लागते, असे सामान्यतः धरले जाते. गरिबाघरी मृत्यू येतो तो कर्ज घेऊनच.

दफनाच्या मातीतील फळ अपवित्र वा अपायकारक, हा आक्षेप येईलच. झाडाची मुळे पाणी व त्यात विरघळलेली खनिजे शोषतात, प्रेत नव्हे. काळजी घ्यावयाची ती लगतच्या विहिरीच्या पाण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या एका अहवालाचा रोखही भूजलाकडेच आहे.

याहून बिकट प्रश्न जातीचा आहे. अनेक गावांत आजही स्मशाने वेगळी आहेत. वाण्याच्या दुकानातील चिंचेला ती कोणत्या स्मशानातली, असे कोणी विचारीत नाही. पण ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर कोणत्या स्मशानाकडे वळणार, हे मात्र ठरलेले असते. दलितांच्या स्मशानाला पुष्कळदा रस्ता नसतो, शेड नसते. प्रत्येक स्मशानाचे उत्पन्न त्या त्या वस्तीला, अशी व्यवस्था केली तर ज्याच्याकडे पाणी त्याच्याकडेच पैसा जाईल. म्हणून निधी एकच असावा आणि पहिल्या लिलावाची रक्कम रस्ता नसलेल्या स्मशानाकडे जावी. कब्रस्तानाची गोष्ट निराळी : ते वक्फचे असल्यास निर्णय त्याच्या व्यवस्थापकांचा, पंचायतीने तेथे फार तर रोपे द्यावीत.

पश्चिम महाराष्ट्रात काही कुटुंबे अलीकडे रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात घालून त्यावर झाड लावतात. असे झाड स्मशानात लागले, तर त्याची फळे लिलावात धरण्यापूर्वी त्या घरच्यांना विचारावे लागेल. बहुतेक जण हरकत घेणार नाहीत, असे वाटते; परंतु विचारणे हा नियमाचाच भाग असला पाहिजे.