बोल्ड केलं, तिरकं केलं... आणि 'धमाल'चं 'घमाल' झालं!

फेस्टचं पोस्टर करायला बसलात की काय करता? नाव टाइप करायचं, मोठं करायचं, मग 'बी' दाबायचं, मग 'आय'. झालं जाड, झालं तिरकं, आला एकदम वेग! एसवायला असताना मीही हेच केलं. दहा फुटी फ्लेक्स कॉलेजच्या गेटवर चढला आणि रस्त्यापलीकडून येणारा जो तो विचारू लागला, "हे 'घमाल' काय आहे रे?"

फॉन्टमध्ये खरा बोल्ड नव्हताच. सॉफ्टवेअरने रेषा सगळीकडून फुगवली आणि 'ध'च्या डोक्यावरची फट बुजली. 'भ' आणि 'म'चंही असंच होतं, करून बघा.

'आय'ची गोष्ट आणखी वेगळी. इटालिक हे रोमन लिपीचं अपत्य. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सियोने अख्खं पुस्तक तिरक्या अक्षरांत छापलं. ती अक्षरं हस्ताक्षर समोर ठेवून मुद्दाम नव्याने कोरलेली होती, नुसती कलती केलेली नव्हती. देवनागरीत ही परंपरा नाही. त्यामुळे फॉन्टला स्वतःचं तिरकं रूप नसेल, तर कॉम्प्युटर अक्षराला फक्त ढकलतो. मग 'ठ'चा गोल अंड्यासारखा होतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षराकडे कलंडते. लोकलमध्ये चौथ्या सीटवरच्या माणसासारखी!

मग जाड, गोलमटोल अक्षर हवं असेल तर? आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप'चा 'मोदक' बघा. इतका गुबगुबीत, की अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा जेमतेम रेघेएवढी उरते. पण ती रेघ विचार करून ठेवलेली असते, म्हणून अक्षर कळतं. मात्र तो शीर्षकापुरताच. तारीख-वेळ त्यात टाकलीत तर वाचणाऱ्याचे हाल. त्यांचाच 'बालू' जरा सडसडीत. 'बालू २' पाच जाडींत मिळतो. तिरकं हवंच असेल तर 'कलम' घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये आणला. स्केचपेनने भरभर लिहिल्यासारखा, मुळातच कललेला, आणि त्याला खरा बोल्ड आहे. तिन्ही फुकट. (पायरेटेड फॉन्टचं फोल्डर आता डिलीट करा की!)

आणि हे सगळं हाताने करणारा माणूस आपल्या मुलुंडमध्ये राहत होता. कमल शेडगे (१९३५–२०२०). मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कितीतरी नावं त्यांनी हाताने रेखली. दर नाटकाला वेगळं अक्षर, नुसतं नाव बघून नाटकाचा बाज कळावा असं. 'बी' नाही, 'आय' नाही, अनडूही नाही. त्यांची ती शीर्षकं एकदा शोधून बघाच.

प्रिंटला देण्याआधी एवढं करा. पोस्टर ए-फोरवर काढा, भिंतीला चिकटवा, दहा पावलं मागे जा आणि ज्याला फेस्टचं नाव माहीत नाही अशा कुणाला तरी वाचायला सांगा.

आमच्या 'घमाल'चं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी एक ज्युनिअर शिडीवर चढली आणि पांढऱ्या पेंटने तिने 'ध'ची फट मोकळी केली. पुढच्या वर्षीचं पोस्टर तिलाच दिलं.