दांड्यातली केबल

एप्रिल 2012 मध्ये ताडोबालगतच्या पळसगाव वनपरिक्षेत्रात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यांत दोन वाघ अडकले. एक मेला, दुसऱ्याला जिवंत सोडवता आले. असा सापळा पाणवठ्याच्या वाटेवर पाचोळ्याखाली दडवतात. डोळ्यांना तो दिसत नाही. चंद्रपूरच्या जंगलात गस्तीवरच्या वनरक्षकाला मेटल डिटेक्टर लागतो तो यासाठी. शेजारच्या गडचिरोलीत हेच तंत्र पोलिसांना भूसुरुंग शोधायला लागते.

या यंत्राची चर्चा दांड्याच्या खालच्या टोकाच्या कॉइलच्या चकतीपाशीच थांबते. तिच्यापासून मुठीपर्यंत जाणाऱ्या केबलकडे फारसे कुणाचे लक्ष नसते, आणि तिथेच घोटाळा होतो.

चकतीत दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्यामुळे जमिनीतल्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि दुसरे वेटोळे त्यांची चाहूल टिपते. धातू जवळ नसेल तेव्हा दुसऱ्यात जवळजवळ काहीच उमटू नये, इतक्या नेमकेपणाने ती दोन्ही बसवलेली असतात. केबल मात्र स्वतःच धातूची. चकतीजवळ ती घट्ट बसवलेली असेल तर तिचा परिणाम कायम तेवढाच राहतो आणि यंत्र तो वजा करते. ती सैल लोंबत असेल तर दांडा फिरवताना हलते आणि खोटा इशारा देते. गडचिरोलीतल्या सूरजागडसारख्या लोहखनिजाच्या पट्ट्यात जमिनीमुळेच यंत्र कुरकुर करते. त्यात ही भर. वैतागून संवेदनशीलता कमी केली की शिकाऱ्यांनी लावलेला बारीक तारेचा फास निसटलाच.

पोकळ दांड्यातून केबल ओवायची युक्ती पायजम्यात नाडी ओवण्याचीच. पातळ दोरीला छोटा नट बांधून ती दांड्यातून खाली सोडायची, मग नट काढून तिथे केबलचे टोक बांधायचे आणि हळूच वर ओढायचे. प्लग भोकापेक्षा मोठा असेल तर केबल कापून जोडण्याचा मोह टाळावा. कवच तुटते, पावसात सांध्यात ओल शिरते. त्यापेक्षा ती दांड्याभोवती बाहेरून घट्ट गुंडाळून पट्टीने बांधलेली बरी. चकती जिथे वाकते तिथे थोडी ढील ठेवावी, नाहीतर तार तिथेच तुटते. लांबी कमी-जास्त होणाऱ्या दांड्यात स्प्रिंगसारखी वळलेली केबल लागते.

गस्तीला निघण्यापूर्वी चकती जमिनीपासून आणि गाडीपासून दूर धरून दांडा झुलवून पाहावा. यंत्र वाजले तर केबलची चकतीजवळची पट्टी आधी आवळावी.