सैनिकाचे पाऊल आणि आपले पाऊल

ब्रिटनमधील वेल्सच्या डोंगराळ भागात दरवर्षी ‘कॅम्ब्रियन पेट्रोल’ ही लष्करी स्पर्धा होते. १९५९ पासून ती चालू आहे. आठ जवानांची तुकडी पाठीवर संपूर्ण सामान घेऊन ४८ तासांत सुमारे ६० किलोमीटरचा चढउतारांचा, दलदलीचा प्रदेश पार करते. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो; ठरलेल्या कसोटीस उतरणाऱ्या प्रत्येक तुकडीस पदक मिळते. २०२१ मध्ये आपल्या पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनने सुवर्णपदक मिळवले.

वाचकहो, अशा वाटेवर बलदंड जवानालाही एक क्षुल्लक गोष्ट थांबवू शकते : पायाचा फोड. ओल्या मोज्यात त्वचा मऊ पडते व घर्षणाने सोलवटते. म्हणून पाय कोरडे ठेवणे ही सैनिकाची शिस्तच असते. पहिल्या महायुद्धात खंदकांतील ओल व थंडीमुळे पाय सडू लागले, तेव्हा ब्रिटिश सैन्यात जवानांच्या जोड्या लावून एकाने दुसऱ्याचे पाय सांभाळावेत, अशी पद्धत रूढ झाली.

जवानाला फोड दुखतो, हे त्याचे भाग्यच. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू दुबळे होतात आणि वेदनेची ही सूचना मिळतच नाही. माझ्याकडे येणारे एक आजोबा बुटात शिरलेला खडा घेऊन दिवसभर हिंडले. सायंकाळी मोज्यावरील रक्ताचा डाग सूनबाईंनी पाहिला, म्हणून बोट वाचले. जखम भरण्यास मात्र दोन महिने लागले.

यास्तव रोज सायंकाळी पाय पाहावेत. तळवे आणि बोटांमधील सांदीही. वाकता येत नसेल वा दृष्टी मंद असेल, तर घरातील कोणी पाहावे. धुण्यासाठी कोमट पाणी घ्यावे व त्याची ऊब शुश्रूषा करणाऱ्याने कोपराने तपासावी. बोटांच्या सांदी टिपून कोरड्या कराव्यात. तेल तळव्यांस लावावे, सांदीत नव्हे. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, घरातही अनवाणी चालू नये. कुरूप ब्लेडने कधीही कापू नये. जखम, लाली, सूज वा काळसरपणा दिसताच त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुखण्याची वाट पाहू नये.

आजी-आजोबांनो, आपले पाय दुसऱ्यास दाखविण्यात संकोच कसला? खंदकातील जवानालाही जोडीदार लागत होता. आज सायंकाळी आपलाही जोडीदार ठरवा.