उपसलेली टाकी

कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्या आधी पत्र्याने म्हाताऱ्या होतात. इंजिन पुष्कळदा धडधाकट असतं. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि मॅटखाली मुरलेलं पाणी मिळून मागच्या सीटखालचा फ्लोअर कुरतडतात, आणि बहुतेक छोट्या गाड्यांची पेट्रोलची टाकी नेमकी त्याच फ्लोअरखाली पट्ट्यांनी आवळलेली असते. कुजलेला तुकडा कापायचा, नवा पत्रा बसवायचा, सीओटू वेल्डिंगने टाके मारायचे आणि वरून अंडरकोट फासून द्यायचा, हे डेंटिंगवाल्याचं नेहमीचं काम. त्यातलं वेल्डिंग, खरं सांगायचं तर, फार अवघड नाही. हात बसला की पातळ पत्र्याला भोक न पाडता टाका मारणं शिकाऊ पोऱ्यालाही जमतं. अवघड आहे ते पहिली ठिणगी पडण्याआधीचं काम. ते झालं की नाही हे गाडी परत घेताना कुठेच दिसत नाही, म्हणून त्याची मजुरी कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. माझ्या मते या धंद्यातला बहुतेक धोका या न मागितलेल्या मजुरीत आहे.

पेट्रोल काढून घेतलं की टाकी निर्धोक झाली, असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि बऱ्याच मिस्त्रींनाही. हिशेब उलटा आहे. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असेल तरच. पेट्रोल उणे चाळीस अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्या हवेत तर भरलेल्या, बंद टाकीच्या वरच्या पोकळीत वाफेची एवढी दाटी असते की तिला पेटायला पुरेशी हवाच उरत नाही. टाकी उपसून झाकण उघडं ठेवलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होत जातं आणि बरोबर पेटण्याच्या टप्प्यात येऊन थांबतं. चाळीस लिटरच्या टाकीत दीड टक्का म्हणजे सुमारे सहाशे मिलिलिटर वाफ. तेवढ्या वाफेला तीन मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल पुरतं. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं छोटं मापसुद्धा त्याने भरत नाही.

हे तीन मिलिलिटर लपतात कुठे, हे पाहायला जुनी पत्र्याची टाकी मधोमध कापलेली बघावी. दोन वाट्या एकमेकींवर ठेवून कडा दाबून शिवल्यासारखी तिची घडण. त्या शिवणीच्या दुमडीत पेट्रोल शिरतं आणि टाकी उलटी केली तरी बाहेर येत नाही. आत पेट्रोल हेलकावू नये म्हणून आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्या पाठी ओल्याच राहतात. तळाशी गंजाचा आणि चिकट गाळाचा थर असतो, तो तर पेट्रोल शोषूनच बसलेला. धुऊन, वाळवून, वास जाईपर्यंत उन्हात ठेवलेल्या टाकीत वायुमापक घातला तर तो शून्य दाखवेल, आणि ते खोटंही नसेल. पण तो आकडा थंड टाकीचा. वेल्डिंगची धग शिवणीपर्यंत पोचली की दुमडीतलं पेट्रोल उकळून बाहेर येतं, आणि त्या क्षणी आर्क चालूच असतो. तोंडाशी धरलेल्या मापकाची आणखी एक गोची आहे: पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड, ती तळाशी बसते. याच कारणाने ती गॅरेजच्या खड्ड्यातही साचते आणि वेल्डर नेमका त्या खड्ड्यात उभा राहून वर बघत असतो.

यावर पहिला आक्षेप डिझेलवाल्यांचा: आमचं तेल काडी टाकली तरी पेटत नाही. थंड डिझेलच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं बोइंग ७४७ हवेत फुटलं आणि २३० माणसं गेली, त्या विमानात पेट्रोल नव्हतं. केरोसीनच्या जातीचं इंधन होतं. तपासाचं बोट गेलं ते मधल्या, जवळजवळ कोरड्या टाकीतल्या वाफेकडे. ठिणगी नेमकी कुठून आली हे ठामपणे सिद्ध झालं नाही, पण टाकीखालच्या वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेने तळाचं थोडं इंधन तापलं होतं, हे नक्की. फ्लोअरला लागणारी वेल्डिंगची धग त्याहून कितीतरी प्रखर असते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. ओलं पोतं टाकून, टाकी जागेवरच ठेवून वर्षानुवर्षं टाके मारणारे मिस्त्री आहेत आणि त्यांना काही झालेलं नाही. याचं कारण वरच्याच हिशेबात आहे. टाकी भरलेली, झाकण घट्ट, पाइप शाबूत असले तर आतली वाफ पेटण्याच्या टप्प्यापलीकडे असते. म्हणजे त्यांना वाचवलं ते पोत्याने नव्हे, भरलेल्या टाकीने. पाइप जिथे जुना झाला आहे तिथे बाहेर झिरपणारी वाफ हवेत मिसळताना कुठेतरी त्या टप्प्यातून जातेच. ओलं पोतं उडणारे थेंब अडवतं, पत्र्यातून पसरणारी उष्णता अडवत नाही. शिवाय आताच्या बऱ्याच टाक्या प्लास्टिकच्या आहेत, त्या १३० अंशांच्या आसपास मऊ पडतात. फ्लोअरखालून जाणाऱ्या नायलॉनच्या नळ्या १८०ला वितळतात, आणि पंप नुकताच बंद केला असेल तर त्यांत दाबाखालचं पेट्रोल असतं. टाकीत पाणी भरून डाग देण्याची जुनी रीत ओल्या पोत्यापेक्षा शहाणपणाची, कारण तिने पोकळीच कमी होते. पण पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणजे उरलंसुरलं वर, वेल्डिंगच्या जागेपाशीच येतं. सायलेन्सरचा धूर टाकीत सोडण्याचीही एक युक्ती चालते. त्या धुरात प्राणवायू किती उरला आहे हे कुणी मोजत नाही, म्हणून ती मला मुळीच भरवशाची वाटत नाही.

चांगला कारागीर काय करतो? बॅटरीची वायर सोडतो. नळ्यांतला दाब उतरवतो, पेट्रोल झाकणाच्या डब्यात घेऊन डबा बाहेर नेतो. टाकी खाली उतरवून तिची तोंडं बंद करतो आणि तिला उघड्यावर, कामापासून दहा-अकरा मीटर लांब ठेवतो, कारण ठिणग्या तेवढ्या घरंगळत जातात. वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा बहुतेकजण विसरतात. हा तोही काढतो. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी शेजारी लावतो, नाहीतर परतीचा करंट गाडीभर वाट शोधतो आणि एखाद्या सैल जोडाशी ठिणगी पाडतो. सीट, गालिचा, आतला फोम बाहेर. हेल्परच्या हातात पावडरचं अग्निशामक. आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी तिथेच बसतो, कारण पोकळ पट्टीच्या आतलं डांबरी अस्तर धुमसत राहतं. टाकीलाच भोक असेल तर तो तिला हात लावत नाही, बदलायला सांगतो.

आता अडचणी. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट फ्लोअरइतकेच गंजलेले असतात आणि सोडवताना तुटतात. तेव्हा गॅसने तापवायचा मोह होतो, म्हणजे पुन्हा तेच. एका टाक्यासाठी अर्धा दिवस जातो, शेजारचा गॅरेजवाला तेच काम तासाभरात करून देतो. कायद्यात सगळं आहे: १९४८च्या कारखाना कायद्याच्या ३७व्या कलमाने ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या टाकीवर, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय वेल्डिंग करायला मनाई केली, आणि धातू पुरेसा निवेपर्यंत तो पदार्थ पुन्हा आत घालू नये असंही बजावलं. पण कारखाना ठरतो कामगारांच्या संख्येवर. तीन माणसांच्या रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत ते कलम पोचलंच नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स आहे. गॅरेजमधले पुष्कळ हात मात्र उस्तादाकडे पाहून शिकलेले असतात, आणि उस्ताद जे करत नाही ते पुढच्या पिढीला दिसतच नाही. त्यात डिकीतल्या सीएनजी सिलिंडरची भर. सुमारे २०० बार दाबाच्या त्या सिलिंडरला आर्कचा नुसता चटका बसला तरी तो बाद धरावा लागतो. त्याचा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणजे खड्डा टाळणाऱ्याने आता छतही पाहायचं.

दंडाने किंवा फलकाने हे सुटेल असं मला वाटत नाही. तपासायला येणार कोण? बदल गिऱ्हाइकाच्या बाजूनेच होऊ शकतो. मागच्या सीटखाली वेल्डिंग निघालं तर गाडी टाकताना ‘टाकी उतरवणार ना?’ एवढं विचारा, आणि बिलात त्या मजुरीची वेगळी ओळ दिसली तर तिच्यावर घासाघीस करू नका.