*अंडी उबवायच्या पेटीला थर्मोस्टॅट कोणता घ्यावा?*

अंबरनाथ-बदलापूर भागात घरच्या घरी पेटीत बल्ब लावून गावठी अंडी उबवायची असतील, तर 21 दिवस खुडूक कोंबडीचं काम थर्मोस्टॅटच करतो. घेताना एवढं बघा:

*1)* तापमान 0.1 अंशात दाखवणारा आणि चालू-बंदमधला फरक 0.3 अंशापर्यंत ठेवता येणारा घ्या. 1 अंशाने फिरणारा नको.

*2)* लाईट जाऊन आल्यावर सेटिंग तसंच राहिलं पाहिजे. दुकानातच प्लग काढून परत लावून बघा.

*3)* कधी आतला रिले चिकटतो, बल्ब चालूच राहतो आणि अंडी शिजतात. म्हणून 1 अंश वर लावलेला दुसरा साधा थर्मोस्टॅट वायरमनकडून सिरीजमध्ये जोडून घ्या.

*सेटिंग:* पंखा असेल तर 37.5 अंश. नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला 38.3. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर ठेवा, बल्बजवळ नको.

*तपासणी:* कोमट पाण्याच्या ग्लासात वॉटरप्रूफ सेन्सर आणि ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर एकत्र धरा. 99.5 फॅरनहाइट म्हणजे 37.5 अंश. फरक दिसला तर तेवढं सेटिंग बदला. मग पेटी 24 तास रिकामी चालवा, त्यानंतरच अंडी ठेवा.

*लाईट गेली तर* पेटी उघडू नका. थोडा वेळचा गारवा पिल्लू सोसतं, 40 अंशांवरची उष्णता नाही.

शंका असेल तर थर्मोस्टॅटचा फोटो ग्रुपवर टाका, बघून सांगतो.
– तुमचा कृषी सल्लागार