बोस्टनहून भायखळा, भायखळ्याहून नगर

१९ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम बंदरातून ‘कॅरॅव्हॅन’ नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. त्यावर जडसन आणि न्यूएल ही दोन जोडपी होती. दोघांच्याही लग्नाला अजून पंधरवडासुद्धा उलटला नव्हता, म्हणजे आजच्या भाषेत हनिमूनचेच दिवस. सॅम्युएल न्यूएलची बायको हॅरिएट अठरा वर्षांची होती. त्याच सुमारास फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजाने गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि नॉटची पत्नी रोक्साना निघाली. बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ने समुद्रापार पाठवलेली मिशनऱ्यांची ही पहिलीच तुकडी. हिंदुस्थानात राहायचं कुठे, हेसुद्धा निघताना ठरलेलं नव्हतं. त्या वयात माणूस अशा गोष्टी ठरवत बसत नाही.

चार महिन्यांनी जहाज कलकत्त्याला लागलं आणि कंपनी सरकारने पहिला हुकूम सोडला तो चालते व्हा असा. मिशनरी म्हणजे लोकांच्या धर्मात ढवळाढवळ, म्हणजेच दंग्याला आमंत्रण, असा कंपनीचा हिशेब होता. त्यात इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध पेटलेलं, त्यामुळे अमेरिकन माणूस शत्रूच्या गोटातला. न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे निघालं. वाटेत जहाजावरच हॅरिएट बाळंत झाली, मुलगी काही दिवसांतच गेली, आणि ३० नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली. वय एकोणीस. पुढे अमेरिकेत छापलेलं तिचं चरित्र इतकं वाचलं गेलं, की ते वाचून कित्येक मुली मिशनऱ्याशी लग्न करायला तयार झाल्या. बोर्डाला याहून प्रभावी जाहिरात सापडली नसती, हे म्हणणं कठोर वाटेल, पण खरं आहे.

जडसन ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि नॉट दांपत्य फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलं. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचे, पण वरून हुकूम असा, की या तिघांना इंग्लंडच्या जहाजावर चढवा. तेव्हा हॉल आणि नॉट गुपचूप एका गलबताने कोचीनच्या दिशेने सटकले, तिथून सिलोनला निसटायचा बेत होता. रोक्साना मुंबईतच मागे राहिली. परक्या गावात, ओळखदेख नसलेल्या माणसांत, नवरा कधी परत येईल याचा भरवसा नाही, अशा स्थितीत तिने ते दिवस कसे काढले असतील? मिशनच्या इतिहासात हॉलने गव्हर्नरला लिहिलेल्या बाणेदार पत्राची पानंच्या पानं आहेत. रोक्सानाच्या वाट्याला एखाददुसरं वाक्य येतं. दोघांना पकडून परत आणलं गेलं, पण तोवर पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना दार किलकिलं करून दिलं होतं. मग त्यांना राहू देण्यात आलं. नॉट दांपत्य दोन वर्षांतच आजारपणामुळे परतलं. न्यूएल मुंबईत येऊन मिळाला आणि १८२१ मध्ये पटकीने गेला.

या मंडळींचा मराठीचा अभ्यास आज आपल्याला गमतीचा वाटतो, पण तो जिवावरचा होता. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला. त्याआधी केरीचा छोटा कोश आणि व्याकरण सोडलं, तर हाताशी धरायला फारसं काही नव्हतं. रोज सकाळी पंडितासमोर बसायचं, संध्याकाळी बाजारात किंवा देवळाच्या ओट्यावर जाऊन बोलायचं, लोक हसले तर हसू द्यायचं. बालबोधबरोबर मोडीही शिकावी लागे, कारण व्यापार-व्यवहाराचा कागद मोडीत. १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. हा अमेरिकन मिशन प्रेस मराठी मुद्रणाची खरी शाळा ठरला. इथल्या टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली एक गरीब मुलगा टाइप घासायला लागला, त्याचं नाव जावजी दादाजी. पुढे त्यानेच ‘निर्णयसागर’ उभा केला, आणि अख्ख्या देशातले शास्त्री संस्कृत पोथ्यांसाठी त्या छापखान्याकडे पाहू लागले. शुभवर्तमान छापायला आणलेल्या खिळ्यांचा असाही वंश वाढला.

हॉलचं लग्न १८१६ मध्ये मुंबईतच मार्गारेट लुइस या इंग्रज बाईशी झालं. मुलं आजारी पडू लागली, तेव्हा १८२५ मध्ये मार्गारेट त्यांना घेऊन अमेरिकेला गेली. मागे राहिलेला हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिककडे दौऱ्यावर गेला. नाशिकला पटकीची साथ होती. जवळची औषधं वाटून संपत आली, म्हणून तो मुंबईकडे परत निघाला आणि वाटेत एका गावी देवळाच्या ओसरीत मुक्कामाला थांबला. तिथेही आजारी माणसं पडलेली होती. पहाटे त्यालाच पटकीने गाठलं आणि काही तासांत सगळं संपलं. बरोबरच्या दोन ख्रिस्ती पोरांनी खड्डा खणून त्याला तसाच पुरला. त्याच वर्षी ‘नवा करार’ मराठीत पूर्ण छापून झाला.

अशा मरणांची यादी लांबवण्यात अर्थ नाही. नगरला डिसेंबर १८३१ मध्ये ठाणं पडलं, त्यातला विल्यम हर्वी पाच-सहा महिन्यांतच पटकीने गेला, एवढं सांगितलं तरी पुरे. या मरणांतूनच पुढच्यांनी राहण्याची रीत बसवली. उंच जोत्याचा, खोल ओसरीचा बंगला, उन्हाळ्यात दाराला वाळ्याच्या ताट्या, एप्रिल-मे महाबळेश्वरला, आणि थंडीचे महिने बैलगाडी-राहुटी घेऊन खेड्यांत दौरे. घरात आया, भिस्ती, स्वयंपाकी. त्यांच्या हाताखालच्या देशी ख्रिस्ती पाळकांना हा बंगला सलायचा. ज्या समतेचा उपदेश रविवारी ऐकायचा, ती सोमवारी ओसरीच्या पायरीशी थांबायची. तो सल खराच होता. पण बंगल्याशिवाय ही माणसं टिकली नसती हेही खरं.

नगरच्या ठाण्याचं एक नाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे. सिंथिया फरार ही १८२७ मध्ये मुंबईत आलेली अविवाहित शिक्षिका. बोर्डाने एकट्या बाईला समुद्रापार पाठवणं तेव्हा विरळच होतं. १८३९ पासून ती नगरला मुलींच्या शाळा चालवत होती. तिथली शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याचं मनावर घेतलं. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

या सगळ्या घरांत मला जवळचं वाटतं ते ह्यूम घराणं. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना १८३९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी काही काळ ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक चालवलं. पंधरा वर्षांनी तब्येत ढासळली म्हणून ते अमेरिकेला निघाले आणि १८५४ मध्ये वाटेतच, समुद्रावर गेले. हॅनाने मुलांना कनेक्टिकटमध्ये वाढवलं. मिशनऱ्यांच्या मुलांनी शिकायला अमेरिकेत जायचं हा तेव्हाचा दंडकच होता. आया-नोकरांच्या मराठीत बोबडे बोल बोललेली पोरं सात-आठ वर्षांची झाली, की जहाजात बसवायची, आणि पत्राचं उत्तर यायला वर्षाचा बराच भाग जायचा. हवेने केले नाहीत एवढे हाल या दंडकाने या घरांचे केले असं माझं मत आहे. अमेरिकेत ही मुलं हिंदुस्थानातली, आणि हिंदुस्थानात साहेबाची.

हॅनाची दोन मुलं मात्र परत आली. रॉबर्ट ॲलन ह्यूम भायखळ्याला १८४७ मध्ये जन्मला, येल कॉलेजात शिकला आणि १८७४ मध्ये नगरला दाखल झाला. धाकटा एडवर्ड मुंबईत भायखळ्याच्या शाळेवर. बापाला जो देश परका होता, तो मुलाला जन्मगावाच्या वाटेवरचा होता. रॉबर्टने नगरला पाळक तयार करणारी शाळा काढली. १८७६-७८ चा दुष्काळ पाहिला आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या पैशाचं वाटप इतक्या नेटाने केलं, की सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. अनाथ पोरांनी मिशनचे वाडे भरले. त्यातून बाप्तिस्मेही वाढले, आणि भुकेच्या वेळी धर्म वाटतात ही टीकाही वाढली. ती टीका निराधार नव्हती.

पण रॉबर्टचं मोठं भांडण झालं ते बोस्टनशी. १८८६ मध्ये तो रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरला बोलला. ज्यांनी येशूचं नाव कधी ऐकलंच नाही, ते सगळे मेल्यावर नरकात जातात हे आपल्याला मान्य नाही, मरणानंतरही त्यांना संधी असू शकते, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. बोर्डातले सनातनी खवळले आणि त्याला हिंदुस्थानात परत पाठवायचं की नाही यावर वाद पेटला. अखेर १८८७ मध्ये परवानगी मिळाली. नगरच्या शेजाऱ्यांच्या आज्या-पणज्यांना कायमचं जळत ठेवणारा देव त्याला पटेनासा झाला होता. बोस्टनमध्ये बसून हा प्रश्न पुस्तकातला वाटतो, पण पंचवीस-तीस घरं ओळखीची झाली की तो माणसांचा होतो. मराठी साहित्याच्या वाचकाला हेच ह्यूमसाहेब लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त भेटतात. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले, ते या ह्यूमसाहेबांच्याच सावलीत.

नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक होते. दौऱ्यावर राहुटी पडली की हे साहेब उपदेश आटोपून पक्ष्यांच्या मागे लागत. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर परिसरातल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. त्याचे संपादक ए. ओ. ह्यूम, म्हणजे काँग्रेसवाले, नगरच्या ह्यूमांशी यांचा संबंध नाही. दक्षिणेतल्या डोंगरांवरच्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. या घरातली केटी रॉबर्ट ह्यूमची दुसरी पत्नी झाली. पहिली पत्नी ॲबी ही एबेनेझर बर्जेस यांची मुलगी. नगर-साताऱ्याला राहिलेल्या या बर्जेसांनी ‘सूर्यसिद्धांत’ इंग्रजीत आणला. मिशनऱ्यांची सोयरीकही अशी आपसांतच होई, देशस्थांत देशस्थ शोधावेत तशी.

तिसऱ्या पिढीला मात्र नगर पुरेनासं झालं. नगरला जन्मलेला एडवर्ड हिक्स ह्यूम डॉक्टर होऊन चीनमधल्या चांगशाला गेला आणि तिथे त्याने रुग्णालय व वैद्यकीय शिक्षणाची संस्था उभी केली. रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूमने तेरा प्रमुख उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १९२१ मध्ये ऑक्सफर्डने छापलं आणि पाश्चात्त्य विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. आजोबा ज्या धर्माचा पाडाव करायला आले, त्याचीच पोथी नातवाने जगाच्या हातात दिली. रॉबर्ट ॲलनची मुलगी रूथ डॉक्टर झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरला परतली. बायका-मुलांसाठीचं मिशनचं रुग्णालय तिने चालवलं. ते १९३९ मध्ये मुक्तिफौजेकडे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीकडे गेलं आणि त्याला इव्हँजेलिन बूथ यांचं नाव मिळालं. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी जुने नगरकर पत्ता सांगताना त्याला बूथ हॉस्पिटलच म्हणतात, आणि २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत तिथे रुग्णांची रीघ लागली होती.